चौकासमोरचं घर

रत्नदीप सकपाळला युरोपातली अठरा बंदरं पाठ होती आणि त्यातलं एकही शहर त्याने पाहिलेलं नव्हतं.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो म्हणजे खुद्द रत्नदीप. सिंगापुरातल्या त्याच्या मराठी गोतावळ्यात युरोप म्हटलं की त्याचंच नाव निघायचं. यिशुनला राहणारा सुगत, चांगला शिकलासवरलेला संशोधक, पॅरिसला कॉन्फरन्सला निघाला की आधी ह्याला फोन करायचा. "दादा, मार्चमध्ये थंडी किती असेल हो?" आणि हा क्वीन्सटाउनच्या आपल्या दहाव्या मजल्यावरच्या खिडकीत बनियनवर उभा राहून ठोकून द्यायचा, "स्वेटर दोन ने. आणि तिकडचा पाव कडक असतो, दात सांभाळ." पाव कडक असतो हे मात्र खरं होतं. जहाजावर बंदरातला एजंट घेऊन यायचा तो पावही कडकच असायचा.

आता कुणी म्हणेल, अकरा वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाने शहरं पाहिली नाहीत, हे कसं? तर असं म्हणणाऱ्याला इंजिनरूम माहीत नाही. जहाज समुद्रात चालू असतं तोवर बरीचशी यंत्रं उघडता येत नाहीत. ती बंदरात उघडायची. म्हणजे वरचे डेकवाले इस्त्रीचे शर्ट घालून शिडी उतरायला लागतात, तेव्हा खालचे इंजिनवाले बॉयलरसूट चढवत असतात. त्यातून हे कंटेनरचं जहाज. धक्क्याला लागलं की नऊ-दहा तासांत पुन्हा निघालंच. रत्नदीप तेव्हा थर्ड इंजिनिअर होता, जनरेटर त्याच्या गळ्यात. ब्याण्णव-त्र्याण्णव साली लिस्बनला त्याचं जहाज सात वेळा लागलं, आणि सातही वेळा तो खाली होता. एकदा फक्त हवा खायला वर आला, तेव्हा त्याला नदीवरचा लांबलचक पूल दिसला आणि टेकडीवर दाटीवाटीने उभी असलेली घरं दिसली. पंधरा मिनिटं उभा राहिला असेल. तेवढंच त्याचं लिस्बन.

मग बायकोला पत्रात काय लिहायचं?

सुलेखा तेव्हा तान्ह्या किमयाला घेऊन कल्याणला माहेरी राहत होती. माहेरी म्हणजे वडील एकटेच. आई लहानपणीच गेलेली. वडिलांचं नाव दीनानाथ तांबे, पण त्यांना सगळे अण्णाच म्हणत. अण्णांनी मुंबईच्या फॉरेन पोस्टात तीस वर्षं परदेशचं टपाल वेगळं करण्याचं काम केलं. कुठल्या देशाचं पाकीट कसं असतं, शिक्का कुठे मारतात, हे त्यांना हाताच्या बोटांनी कळायचं. स्वतः मात्र ते दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात, त्यापलीकडे कुठे गेले नाहीत. सुलेखाच्या साखरपुड्यात त्यांनी रत्नदीपच्या खांद्यावर हात ठेवून चारचौघांत सांगितलं होतं, "माझ्या हातातनं सगळं जग गेलं, पण बघितलं नाही काही. जावई मात्र जग बघणारा मिळाला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रत्नदीप खेड तालुक्यातल्या एका वाडीतून आलेला, घरात पहिला शिकलेला. त्या टाळ्या त्याच्या कानात बसल्या त्या बसल्याच. जग बघणाऱ्या जावयाने आता लिहायचं काय? की सकाळपासून तेलात लोळतोय, घामाने बूट भरलेत आणि शहर कसलं असतं ते देव जाणे?

असं एक पत्र त्याने लिहायला घेतलं होतं, पण चार ओळी झाल्यावर फाडून टाकलं.

त्याऐवजी जहाजाचा इलेक्ट्रिशियन आधीच्या खेपेला गावात फिरून आला होता, त्याच्या गप्पा, मेसमधल्या कॅलेंडरवरचं चित्र आणि पदरचा मसाला असं सगळं मिसळून त्याने एक चौक तयार केला. टेकडीवरचा लहानसा चौक. मधे कारंजं, कारंज्याला निळ्या फरशा. एक दगडी बाक आणि वर लिंबाचं झाड. एक म्हातारी तिथे चेस्टनट भाजून विकते, ते आपल्याकडच्या फणसाच्या आठळ्यांसारखे लागतात. 'संध्याकाळ झाली आहे, दिवे लागताहेत, आणि मी ह्या बाकावर बसून तुला लिहितो आहे.' चौकाचं नाव? 'नाव पोर्तुगीज आहे, मराठीत लिहायला जमत नाही.' बघा, कशी पळवाट!

एकदा थाप मारली की तिला खाऊपिऊ घालावं लागतं. पुढच्या प्रत्येक खेपेला त्या चौकात काहीतरी वाढत गेलं. सुलेखाची उत्तरं येत. सुरुवातीला त्यांच्या शेवटी एक ओळ हटकून असायची: 'अण्णा विचारतात, तुमचं काम नेमकं काय असतं? इंजिन केवढं असतं? एकदा सविस्तर लिहा.' रत्नदीप ती ओळ गाळून बाकीच्या पत्राला उत्तर द्यायचा. तेला-ग्रीसच्या डागांबद्दल कुणी सविस्तर लिहितं का? मग काही महिन्यांनी अण्णांचे प्रश्न बदलले. 'अण्णा विचारतात, त्या चौकात टपालपेटी आहे का? असली तर कुठल्या रंगाची?' रत्नदीपने झोकात लिहून दिलं, 'लाल.' आपलं लिखाण सासऱ्यांपर्यंत पोचलं म्हणून तेव्हा त्याला बरंही वाटलं होतं.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात अण्णा दम्याने गेले. रत्नदीप भर अटलांटिकमध्ये होता. घरी पोचला तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. शहाण्णव साली त्याला सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी लागली, दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं तपासायची. तिघं इथे आले, सुलेखाला अलेक्झांड्रा भागातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम मिळालं, किमया शाळेत जाऊ लागली. पत्रांचं पुडकं कपाटात वरच्या खणात गेलं. चौकाचा विषय कधीमधी पासिर रिसच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या पिकनिकला निघे, रत्नदीप दोन वाक्यं बोले आणि पुन्हा प्लेट घेऊन उभा राही. त्याला वाटलं, मिटलं प्रकरण.

पण ते मिटलं नव्हतं. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत सुलेखाने जाहीर केलं की जूनच्या सुट्टीत लिस्बनला जायचं.

"हॉटेल नको," ती म्हणाली. "आठ दिवसांसाठी घर भाड्याने मिळतं म्हणे. स्वयंपाक करता येतो, राहिल्यासारखं वाटतं. आपण तुमच्या चौकासमोर घर घेऊ."

रत्नदीप वरणभात कालवत होता. त्याचा हात थांबला. "चौकासमोरच कशाला? तिकडे चढ फार आहेत. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याकडे बघतील," सुलेखा म्हणाली. "मला तोच चौक हवा."

ती एरवी हट्टी बाई नव्हती. सोफ्याचा रंगसुद्धा तिने रत्नदीपवर सोडला होता. म्हणून त्याला जरा नवल वाटलं, पण नवल करत बसायला फुरसत कुठे होती? चोराच्या मनात चांदणं. त्याला तेवढ्यात एकच सुचलं, की हे प्रकरण लांबवायचं.

पण घरात पंधरा वर्षांची मुलगी आणि इंटरनेट असलं की काही लांबत नाही. किमयाने दोन संध्याकाळी खपून घरमालकांच्या जाहिराती शोधल्या आणि तीन निवडक घरं छापून आणली. एक खाली सपाटीवरच्या बाजारपेठेत, खिडकीखालून ट्राम जाणारं. एक नव्या वस्तीत, मेट्रो स्टेशनजवळ, लिफ्ट असलेलं, आणि फोटोत दवाखान्यासारखं दिसणारं. आणि एक टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. त्या तिसऱ्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'समोर छोटा चौक आणि कारंजं.'

सुलेखाने तो कागद रत्नदीपपुढे ठेवला. फोटोत गुलाबी भिंत, हिरवी दारं आणि कोपऱ्यात कारंज्याची कड दिसत होती.

"अहो, हाच का?"

ह्या ठिकाणी माणसाने नाही म्हणायचं असतं. किंवा निदान आठवत नाही म्हणायचं असतं. चौदा वर्षं झाली, कुणीही मान्य केलं असतं. पण सुलेखा अशा तोंडाने बघत होती, जसा काही तिच्या परीक्षेचा निकाल ह्याच्या हातात आहे. रत्नदीपला तिचा हिरमोड बघवेना. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"हो," तो म्हणाला. "हाच."

सुलेखाने डोळे मिटून श्वास सोडला. मग उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं.

त्याच दिवशी तिने किमयाकडून मालकिणीला इंग्रजीत मेल लिहून घेतली. आम्हाला घर आवडलं, माझे पती त्र्याण्णव साली तुमच्या कारंज्यापाशी बसत असत, वगैरे. मालकीण होती इल्दा नावाची कुणी बाई. चार दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. किमयाने ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. आपल्या घराबद्दल इतकी आपुलकी वाटते हे वाचून बाईंना आनंद झाला होता. पण काहीतरी गैरसमज दिसतो, असंही त्यांनी लिहिलं होतं. कारंजं नऊ वर्षांपूर्वी बांधलं. त्याआधी तिथे मोकळी जागा होती आणि गाड्या उभ्या राहत. बाई ह्याच घरात लहानाच्या मोठ्या झालेल्या.

"सो पप्पा वॉज सिटिंग इन अ कारपार्क, इझ इट?" किमया हसत सुटली.

सुलेखा हसली नाही. ती रत्नदीपकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. आणि पकडला जायची पाळी आलेला माणूस जे करतो तेच रत्नदीपने केलं: पहिल्या थापेवर दुसरी ठेवली.

"मग हा नसेल. ह्याच्या जवळचा असेल. तिथे सगळे चौक सारखेच दिसतात."

"हो ना?" सुलेखा घाईने म्हणाली. "जवळचाच असेल. चौक आहे, तर सापडेलच की. जातोय कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून तिने शोध सुरू केला. किमयाने टेकडीचा नकाशा तुकड्यातुकड्यांनी छापून दिला आणि सुलेखाने ते कागद चिकटवून जेवणाच्या टेबलाएवढी चादर तयार केली. लॅबमधून आली की चहासुद्धा न घेता ती त्या चादरीवर वाकायची. गल्ल्यांमधून पेन्सिल फिरवायची, एखादी मोकळी जागा दिसली की संगणकावर तिचे फोटो शोधायची, निळ्या फरशा आहेत का बघायची आणि नसल्या की नकाशावर बारीकशी फुली मारायची. घरात जेवण आता सोफ्यावर बसून होऊ लागलं. नऊ दिवसांत अडतीस फुल्या झाल्या. मधेमधे ती विचारायची, "अहो, बाकावर बसलं की नदी डाव्या हाताला दिसायची की उजव्या?" आणि रत्नदीप सांगायचा, "डाव्या." मग ती पुन्हा वाकायची. मानेवर हात ठेवून दाबायची आणि पुन्हा वाकायची.

खाई त्याला खवखवे म्हणतात. रत्नदीपला त्या नऊ दिवसांत नीट गिळवेना. बोटींच्या तपासणीत त्याच्या हातून कधी साधा नट सैल राहिला नव्हता, तो आता एकच गेज तीनदा वाचू लागला. एका निरपराध बाईला आपण नसलेली वस्तू शोधायला बसवलंय, आणि वर डावीकडे-उजवीकडे सांगतोय. आपल्यासारखा नालायक माणूस नसेल, असं त्याला वाटे. रोज घरी येताना तो एमआरटीच्या गाडीत वाक्य जुळवी, आणि घरात आल्यावर ती वाकलेली मान दिसली की वाक्य गिळून टाकी. खरं सांगितलं तर ती रागावेल, ह्याची भीती नव्हती. ती पुन्हा कधी त्याचं काही खरं मानेल का, ही भीती होती.

शेवटी बोलली ती किमया. शुक्रवारी संध्याकाळी आई आंघोळीला गेल्यावर ती बापाशेजारी येऊन बसली. "पप्पा, जस्ट टेल हर वेअर लाह. काल मम्मी रडत होती, मॅपवर. यू डोन्ट नो, इझ इट?"

रत्नदीपला ते ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी सुलेखा आणि तो नेहमीप्रमाणे खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर नाश्त्याला गेले. किमया शाळेच्या सरावाला गेली होती. इल्दाबाईंना सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. सुलेखाने पिशवीतून तिन्ही घरांचे कागद काढले आणि नकाशाचं एक पान काढलं, फुल्यांनी भरलेलं. कॉफीचे कप बाजूला सारून तिने ते टेबलावर पसरलं.

"एवढा उत्तरेकडचा भाग राहिलाय," ती म्हणाली.

"सुलेखा, तो चौक नाही."

"ह्या पानावर नाही हो, पण पुढच्या..."

"कुठल्याच पानावर नाही. मी लिस्बनमध्ये कधी उतरलोच नाही. सातही वेळा इंजिनरूममध्ये होतो. चौक मी मनाने लिहिला."

शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे पेपर वाचत होते. सुलेखाने पेन्सिल खाली ठेवली.

"कारंजं?" तिने विचारलं.

"कॅलेंडरवर होतं."

"टपालपेटी?"

"लाल लिहिलं. अंदाजाने."

तिने नकाशाची घडी घातली. एक घडी, दुसरी, तिसरी. कागद आणखी दुमडेना तोवर घालत राहिली. रत्नदीप वाट बघत होता की ती आता ओरडेल. ओरडली असती तर त्याला हलकं वाटलं असतं.

"अण्णा म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"तिसरं पत्र आलं तेव्हा. त्यांनी पाकीट खिडकीशी धरलं आणि बघत बसले. तुम्ही लिहिलं होतं, संध्याकाळ झाली आहे, दिवे लागताहेत. आणि शिक्का त्याच तारखेचा, सकाळी अकराचा. तिकडच्या शिक्क्यात तासही असतो, तुम्हाला माहीत आहे?"

रत्नदीपला माहीत नव्हतं. पण घडलं कसं असेल ते त्याला लख्ख दिसलं. सकाळी जहाज लागलं की एजंट कागदपत्रांवर सह्या घ्यायला यायचा आणि जाताना टपालाची पिशवी घेऊन जायचा. संध्याकाळी जहाज सुटलेलं असायचं. म्हणून बोटीवरचे सगळेच पहाटे पत्र लिहून ठेवत. रत्नदीप पहाटे पाचला, बॉयलरसूट चढवण्याआधी, लिस्बनची संध्याकाळ लिहायचा. वाचणाऱ्याने तीस वर्षं शिक्केच वाचलेत, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

"ते रागावले नव्हते," सुलेखा म्हणाली. "म्हणाले, सुले, पोरगा बोटीतनं खाली उतरत नाही बघ. आत राबत असेल आणि आपल्याला सांगायला लाजत असेल. चूक माझीच. मीच साखरपुड्यात काहीतरी बोलून बसलो. तू लिही त्याला, की आम्हाला खरं चालेल."

"मग तू लिहिलं नाहीस?"

"मी भांडले त्यांच्याशी." ती म्हणाली. "मी म्हणाले, जन्मभर लोकांची पाकिटं बघून तुम्हाला सगळ्यांचा संशय येतो. माझा नवरा खोटं लिहीत नाही. दोन दिवस त्यांच्याबरोबर जेवले नाही. दम्याचा माणूस, एकटा ताट घेऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले आणि म्हणाले, शिक्का चुकला असेल ग, लावतात कधीकधी उलटासुलटा. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस! शिक्का चुकत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि त्या दिवसापासून चौकाबद्दल विचारायला लागले. बाक कुठे, पेटी कुठल्या रंगाची. मला बरं वाटावं म्हणून."

त्या टपालपेटीच्या प्रश्नावर आपण खूश झालो होतो, हे रत्नदीपला आठवलं आणि बसल्या जागी लाज वाटली.

"पण मला आत कुठेतरी टोचत राहिलं," सुलेखा म्हणाली. "चौदा वर्षं. म्हणून मला तो चौक हवा होता. तिथे उभं राहून मनातल्या मनात म्हणायचं होतं, बघा अण्णा, आहे की नाही? मी उगीच नव्हते भांडले. आता काय म्हणू? माफी कुठे जाऊन मागू?"

ती रडली. शेजारच्या म्हाताऱ्यांनी पेपर जरा वर धरले. रत्नदीपने तिच्या हाताकडे हात नेला. तिने आपला हात काढून घेतला नाही, पण त्याच्या हाताला धरलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं की आपली थाप फक्त आपल्या नावावर नव्हती. त्या थापेपायी एका लेकीने आपल्या बापाला खोटं पाडलं होतं, आणि बापाने ते सोसून घेतलं होतं. जग बघणाऱ्या जावयाचा हा पराक्रम.

"आपण जायला नको," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठेतरी जाऊ."

सुलेखाने रुमालाने नाक पुसलं. मग तिने तिन्ही घरांचे कागद पुन्हा समोर ओढले. टेकडीवरचं घर तिने सगळ्यात खाली सरकवलं. ट्रामवालं बघितलं आणि तेही सरकवलं.

"हे घ्या," ती म्हणाली. नव्या वस्तीतलं होतं ते, मेट्रोजवळचं, दवाखान्यासारखं. "लिफ्ट आहे. आणि तिथलं तुम्हालाही काही माहीत नाही, मलाही नाही. तिथे गेल्यावर जे दिसेल ते दोघं मिळून बघू."

"बरं," रत्नदीप म्हणाला.

कॉफी गार झाली होती. सफाईवाल्या आजीबाई कप उचलायला आल्या, ह्या दोघांचे चेहरे बघून पुढे गेल्या.

"त्या दिवशी तुम्ही खरं काय करत होता?" सुलेखाने विचारलं. "तिसऱ्या पत्राच्या दिवशी."

त्याला आठवत होतं. तो दिवस विसरण्यासारखा नव्हता. दोन नंबरचा जनरेटर उघडला होता. पिस्टन अडकून बसला होता, साखळीने ओढूनही हलेना. खाली पंचेचाळीस डिग्री होतं. जहाज सुटायला तीन तास उरले तरी यंत्र उघडंच, आणि चीफ इंजिनिअर डोक्यावर उभा. रत्नदीपच्या मनगटावर गरम तेल उडालं, तेव्हा त्याने त्यावर चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. शेवटी पिस्टन निघाला, नवा बसला, यंत्र सुरू झालं तेव्हा सुटायला वीस मिनिटं होती. मग त्याने उभ्या-उभ्याच गार डाळभात खाल्ला आणि तिथेच शिडीच्या पायरीवर बसून झोपला. हे सगळं त्याने तिला सांगितलं. सांगायला अडखळला, कारण असलं काही त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुलेखाने त्याचं मनगट उलटं केलं आणि तो जुना डाग बघितला. चौदा वर्षं हा डाग स्टोव्हचा आहे असं तिला सांगण्यात आलं होतं.

"तुमची ती चौकाची पत्रं अण्णांनी कधी कुणाला दाखवली नाहीत," ती म्हणाली. "मला वाटायचं, जपून ठेवतात. हे असं लिहिलं असतंत ना, तर त्यांनी सगळ्या बिल्डिंगला बोलावून वाचून दाखवलं असतं."

रत्नदीपला दोघांची क्षमा मागायची होती. त्यातला एक माणूस चौदा वर्षांपूर्वी गेला होता आणि दुसरी समोर बसली होती, म्हणून त्याने समोरूनच सुरुवात केली.